तेर्तुल्लाच्या तोंडातला दिनार

मित्रांनो, मी चांदीचा एक जुना रोमन दिनार आहे. टांकसाळीत तापलेल्या चकतीवर हातोडा बसला आणि माझ्या एका बाजूला सम्राटाचा चेहरा उमटला, दुसऱ्या बाजूला एकमेकांत धरलेले दोन उजवे हात. लग्नात नवरा-बायको धरतात तसे.

त्या हातांमुळेच ओस्तिया बंदरात दोर वळणाऱ्या ओप्तातुसने मला खर्च केलं नाही. त्याने मला बायकोला, तेर्तुल्लाला दिलं. चांदी खरी आहे का ते पाहायला एका सराफाने माझ्या कडेला छिन्नीने खाच पाडली होती. तेर्तुल्ला त्या खाचेवर नख फिरवून हसायची. "तुमच्यासारखाच आहे हो हा. मार खाल्लेला, पण खरा."

मग तिला ताप आला आणि ती गेली.

आमच्याकडे मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवतात, नदीपलीकडे नेणाऱ्या नावाड्यासाठी. तांब्याचं पुरतं. ओप्तातुसने मला ठेवलं.

"चांदी कशाला, दाजी?" मेहुणी प्रिस्का रडत म्हणाली. "तो म्हातारा नावाडी सुटे परत देत नाही."

"तिचं आहे. तिच्याबरोबर जाऊ दे."

"आणि ही खाच? खोटं म्हणून काठावरूनच हाकलेल तिला!"

ते ओप्तातुसच्या मनात रुतून बसलं.

थडग्यात वरून थेट तिच्यापर्यंत पोचणारी मातीची नळी बसवली होती. मृतांच्या सणाला तो यायचा, नळीतून वाइन ओतायचा, मग नळीला तोंड लावून विचारायचा, "पोचलीस का गं? घेतला का त्याने?" आणि कान लावून बसायचा.

मी तिच्या दातांमागेच होतो. माझी चांदी खरी होती, पण ती पारखायला कोणी आलंच नव्हतं. इथे नदी नाही, नाव नाही. माती आहे. हे त्याला सांगावं असं वाटे. मग वाटे, मला आवाज नाही तेच बरं.

वर्षांमागून वर्षं गेली. त्याचा आवाज घोगरा झाला. एकदा तो म्हणाला, "चुकलंच माझं. तांब्याचं ठेवायला हवं होतं." त्यानंतर नळीतून काही आलं नाही.

मित्रांनो, कधी माती उकरताना मी दिसलो, तर मला पुसून काचेत ठेवू नका. नावाडी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही. मला तिच्याजवळच राहू द्या.