वाटीभर दही

सिपोरा नवगावकर १९८६ साली वसमतजवळच्या कुरुंद्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली. ती मूळची अलिबागकडची, बेने इस्राएली ज्यू. गावात तिच्या धर्माचं दुसरं कुणी नव्हतं. धर्माच्या रीतीनं बकरं कापणारा माणूसही नव्हता, म्हणून ती इथं मटणाला शिवत नसे. वर्षातून एकदा रजा काढून अलिबागला जायची आणि आईच्या हातचं खाऊन यायची.

१९९१ साली धाकटी बहीण दिना नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली. आईलाही घेऊन गेली. आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता, तिला नीट दिसत नव्हतं. महिन्याभरात दिनाचं पत्र आलं, "आई चुलीपाशी उभी राहू शकत नाही आणि मला काही येत नाही. तू लिहून पाठव."

सिपोरा लिहू लागली. आईनं शिकवलेला एकेक पदार्थ एकेका पत्रात. खरकट्या हातानं मीठ घेऊ नये इथपासून ते मटण आणि दूध एका पंगतीतसुद्धा कसं येऊ द्यायचं नाही इथपर्यंत. दिना ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवायची. तिथल्या मराठी बाया नकलून घ्यायच्या. १९९४ साली मुंबईच्या एका छोट्या प्रकाशकानं त्या पत्रांचं पुस्तक काढलं. मराठीतलं कोशेर स्वयंपाकाचं पुस्तक, म्हणजे ज्यूंच्या धर्मात बसणाऱ्या अन्नाचं. वर सिपोराचं नाव होतं, पहिल्या पानावर आईचं.

दवाखान्यात आया असलेल्या जनकाबाईनं पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. "सिस्टर, इथं तर तुमी वरण-भातच खाता. मंग मटणाचं एवढं कसं काय आठवून राहिलं?"

"खात नाही म्हणूनच आठवतं," सिपोरा म्हणाली.

पुस्तक चाललं. अलिबाग, पनवेल, ठाण्याहून पत्रं यायची. परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगेत त्यांच्या आया ते पुस्तक घालून देत. २००१ साली प्रकाशकानं दुसरी आवृत्ती काढली. छापण्याआधी तिला काही दाखवलं नाही. तिनंही मागितलं नाही. पाच प्रती पोस्टानं आल्या, त्या तिनं कपाटात ठेवल्या.

ऑक्टोबरात गावातल्या एसटीडी बूथवाल्यानं निरोप पाठवला, बाहेरदेशी फोन लावायचा आहे, बहिणीनं सांगितलंय. सिपोरा ड्युटीच्या साडीतच धावली.

दिना रडत होती. "सत्तेचाळिसावं पान तू लिहिलंस?"

"कुठलं?"

"नारळाच्या दुधातलं मटण. त्यात लिहिलंय, आधी वाटीभर घट्ट दही चोळून ठेवावे."

दिनानं मग सगळं सांगितलं.

सणाला दिनाच्या मुलीनं नव्या पुस्तकातून वाचून ते मटण केलं होतं. पोरगी तिथंच वाढलेली. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही हे तिला ठाऊक होतं. पण आजीचं नाव असलेल्या पुस्तकात चूक असेल असं तिच्या मनातही आलं नाही. आजी पहिल्याच घासाला म्हणाली होती, "आंबूस लागतंय गं." मग स्वतःच म्हणाली, "पण सिपोरानं लिहिलंय ना? मग बरोबरच असणार." आणि ताट संपवलं. जेवणानंतर दिनानं ते पान स्वतः वाचलं.

"आईला दे," सिपोरा म्हणाली.

आईचा आवाज बारीक झाला होता. "ऐंशी वर्षं सांभाळलं मी. माझ्या नावावर दही घातलंस?"

"आई, मी नाही घातलं. त्यांनी घातलं, मला न विचारता."

"पुस्तकावर नाव कुणाचं?"

"माझं."

आईनं फोन दिनाकडे दिला.

त्याच आठवड्यात सिपोरा मुंबईला गेली. प्रकाशकानं चहा मागवला. म्हणाला, "आमच्या नव्या संपादकांनी जरा सुधारणा केल्या, बाई. दह्यानं मटण मऊ होतं. सगळेच घालतात."

"सगळे घालतात, आम्ही घालत नाही. त्यासाठीच तर पुस्तक लिहिलं."

"आता प्रती गेल्या. पुढच्या आवृत्तीत बघू."

पुढची आवृत्ती निघाली नाही. ज्यू समाजाच्या मासिकानं तिचा खुलासा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापला. त्याआधीच कुणीतरी त्याच मासिकात लिहिलं होतं, की जिच्या गावात एक ज्यू नाही तिनं आम्हाला कोशेर शिकवू नये. सणांच्या पदार्थांचं दुसरं पुस्तक तिनं अर्धं लिहिलं होतं. ते तिथंच थांबलं.

आईनं त्या फोनच्या दिवसापासून दिनाच्या घरातली, दही-मटणानं बाटलेली भांडी नाकारली. सगळी नवी आणली, तरी तिचा विश्वास बसेना. पाव आणि फळांवर राहू लागली. २००३ च्या उन्हाळ्यात ती गेली. अंत्यसंस्कार त्याच दिवशी झाले. सिपोराला कळलं तेव्हा माती देऊन झाली होती.

रीतीप्रमाणे तिनं गळ्याशी पोलकं फाडलं आणि ती जमिनीवर बसली. सुतकाची प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. ते आणायचे कुठून? सुतकातलं पहिलं जेवण घरच्यानं करायचं नसतं, बाहेरच्यानं आणायचं असतं. हे तिनं कधीतरी बोलता बोलता जनकाबाईला सांगितलं होतं.

दुपारी जनकाबाई आली. पदराखाली उकडलेली अंडी आणि भात होता.

"काहून बघून राहिल्या असं? पातेलं नवं हाय, सिस्टर. सकाळीच वसमतहून आणलं. त्याच्यात अजून कायबी शिजलं न्हाई."

सिपोरानं एक अंडं खाल्लं. दुसरं तिला गिळवेना. जनकाबाई शेजारी भिंतीला टेकून बसली आणि सुतकाचे सातही दिवस ड्युटी संपली की येऊन बसत राहिली.

सिपोरा २००७ साली निवृत्त झाली. पुन्हा काही लिहिलं नाही. दिना दर पत्रात बोलावत होती, कागदपत्रंही तयार होती. जनकाबाईनं एकदा विचारलंच, "इथं तुमचं कोन हाय, सिस्टर? बहिनीकडं काहून जात न्हाई?"

"तिथं घरोघरी ते पुस्तक आहे," सिपोरा म्हणाली.