मागची चूल

मुखरूभाऊंनी किल्ली देतानाच सांगितलं होतं, "बाई, आधी आरसे बदलवून घ्या. या गाडीले मागचं काईच दिसत नाई."

मिनू कडेवर रडत होती, सामान अजून खालीच पडलं होतं. मी म्हटलं, "मी बसते ना शेजारी. माझे डोळे आहेत."

"नजर समोर असते बाई," एवढंच म्हणून ते संस्थेचं फाटक उघडायला गेले. चौकीदार माणूस, दिवसभर बोलायला कुणी नसतं, म्हणून सांगत असतील असं मला वाटलं.

गाडी परदेशातल्या कुणी देणगीदारांनी आमच्या चंद्रपूरच्या संस्थेला दिलेली. जुनी, गोल नाकाची. आत झोपायचा बाक, हात धुवायचं लहानसं बेसिन, फुलाफुलांचे पडदे. तिकडे लोक म्हणे तीत बसून सुट्टीला जात. इकडे तिचा दातांचा फिरता दवाखाना झाला. माझे मिस्टर, श्रावण, दातांचे डॉक्टर. मी बी.ए.; म्हणजे चिठ्ठ्या देणारी, अवजारं उकळणारी, टॉर्च धरणारी, आणि मधल्या वेळात मिनूची आई. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. बाजाराच्या गावी दिवसभर लोकांचे दात काढायचे आणि त्याच गाडीत खिचडी शिजवायची.

गाडीच्या दोन गोष्टी उलट्या होत्या. स्टिअरिंग डाव्या हाताला, म्हणजे श्रावण झुडपांच्या बाजूला आणि मी मिनूला घेऊन रस्त्याच्या मधल्या बाजूला. आणि इंजिन मागे. आरसा एकच, त्यांच्या दाराला, पुरीएवढा. त्यात गाडीचाच पत्रा दिसायचा. उजवीकडचा आरसा मी. "काढू का?" पुढच्या बैलगाडीला ओलांडायचं असलं की ते विचारायचे. मी खिडकीतून मान बाहेर काढायची आणि म्हणायची, "काढा." दिवसभर हेच. झोपेतसुद्धा मी "काढा" म्हणते, असं श्रावण हसून सांगायचे. मला हसू यायचं नाही.

एकदा ब्रह्मपुरीहून वडशाला जाताना मागून बांबूचा ट्रक आला. इंजिनाच्या आवाजात हॉर्न ऐकूच आला नाही. मिनूचा हात खिडकीवर होता. काहीतरी सावलीसारखं आलं म्हणून मी तो आत ओढला, आणि बांबूंची टोकं दाराला खरवडत पुढे गेली.

वडसा येईपर्यंत मी मिनूचा हात मुठीत धरून ठेवला. गाव आलं तसं म्हटलं, "आता आरसे. नाहीतर मी आणि मिनू बसनं येऊ."

"अगं, दाराला भोकं पाडली तर वामनराव ओरडतील. पाहुणे येतात, गाडी आली तशीच दिसली पाहिजे म्हणतात."

वामनराव म्हणजे संस्थेचे सचिव. मी म्हटलं, "ओरडू देत."

स्टेशनाजवळ इसरू मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्यानं मोडीतल्या ट्रकचे लांब दांड्याचे, चौकोनी आरसे काढून पुसले. श्रावणची कुरकुर चालूच होती. शोभणार नाहीत, हत्तीचे कान वाटतील.

इसरू म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुम्ही लोकायच्या तोंडात आरसा घालून पाह्यता, अन् सोताच्या गाडीमागं पाह्यले लाजता काऊन?"

बाजूचे दोघं-तिघं खो खो हसले. श्रावणही हसले, आणि काम सुरू झालं. भोक पाडावं लागलंच नाही. दाराच्या बिजागरीचे बोल्ट काढून त्यांतच लोखंडी पट्टी बसली, पट्टीवर दांडा. उजवीकडेही आरसा आला. मी माझ्या जागेवर बसून पाहिलं, तर सगळा रस्ता आणि वर मोहाची झाडं.

"खाली करा," मी म्हटलं.

"रस्ता दिसून राह्यला ना बाई?"

"अजून खाली. मागच्या चाकाजवळची जमीन दिसली पाहिजे."

"जमीन पाहून का करता? तिथी का सोनं पडलं हाय?"

"तिथे लेकरं असतात, भाऊ."

त्यानं पुन्हा पाना उचलला. डावीकडचा आरसा रस्त्यावर राहिला, उजवीकडचा जमिनीकडे झुकवला. तो माझा. मी खरं तर मिनूचाच विचार करत होते. तिला नुकतं चालता यायला लागलं होतं.

पुढचा बाजार कुरखेड्याचा. पूस महिन्याची थंडी, धानाची मळणी आटोपलेली, म्हणून गर्दी दाट. गाडी नेहमीप्रमाणे शाळेच्या भिंतीकडे तोंड करून लावलेली. निघताना मागेच घ्यावी लागे. संध्याकाळी श्रावणनी गाडी सुरू केली. जुनं इंजिन, थोडं तापू द्यावं लागायचं. मिनू माझ्या मांडीवर पेंगत होती, माझेही डोळे जड झाले होते. त्यांनी गिअर टाकला. मी सवयीनं आरशात पाहिलं.

चाकाच्या मागे एक पाऊल होतं. भेगाळलेलं, जोडवी घातलेलं.

"थांबा!"

मिनू दचकून रडायला लागली. मी तिला तशीच घेऊन उतरले. एक म्हातारी इंजिनाच्या झाकणाला पाठ लावून, डोळे मिटून बसली होती. शेजारी विकून उरलेले झाडू. खांदा हलवला तेव्हा तिनं डोळे उघडले.

"काऊन उठवता जी? जरासं शेकून राह्यली होती."

"गाडी मागे येणार होती आजी!"

"आं?"

मी कानाशी ओरडून सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसली. "चूल का मागं येते का बाई?"

तिला वाटायचं, गाडी तोंडाकडेच जाते. आणि मागे ऊब असते ती चूल. थंडी पडली तेव्हापासून दर बाजारी ती तिथेच येऊन बसायची. गाडी सुरू झाली की मुद्दाम, कारण तेव्हाच पत्रा तापायचा. आधी गिअरची करकर ऐकली की उठून चालायला लागायची, मागे वळून बघायची नाही. आता ऐकू येईनासं झालं होतं. गुडघ्यांना तेवढीच ऊब. घरी सून आधी लेकरांना चुलीपुढे बसवते, मग हिची पाळी.

श्रावण स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसले होते. इतके बाजार मी खिडकीतून मान काढून "या मागे" म्हटलं होतं. खिडकीतून गाडीची बाजू दिसते, पाठ दिसत नाही.

तिचं नाव भागीरथाबाई. मग आमचा नेमच झाला. निघायच्या आधी मी आरशात तिचं पाऊल बघायची, उतरायची, खांद्याला हात लावायची. ती म्हणायची, "चालली का तुमची चूल?" आणि झाडू गोळा करत उठायची. कितीदा समजावलं, जागा काही तिनं सोडली नाही.

उन्हाळ्यात मिनूचा ताप हटेना. श्रावणनी फिरती सोडली आणि कोरपन्याकडे सिमेंट कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी धरली. आता अंगणात, दोरीवरच्या कपड्यांवर सगळीकडे पांढरी धूळ, आणि पाळण्यात दुसरं बाळ. गाडीवर नवे डॉक्टर आले आहेत. एकटेच असतात.

परवा चंद्रपूरला मुखरूभाऊ भेटले. म्हणाले, परदेशी पाहुणे येणार होते, फोटो काढायचे होते. वामनरावांनी ट्रकचे आरसे काढायला लावले. पुरीएवढा तो एकच पुन्हा बसला आहे. मी तशीच कार्यालयात गेले. वामनराव म्हणाले, "सत्यशीलाताई, इतकी वर्षं काही झालं का? तुम्ही काळजीच फार करता."

करते. पण इथून कुरखेडा म्हणजे बसवर बस, आणि दोन लेकरं. माझ्यानं होत नाही हो. आणि थंडी पुन्हा सुरू झाली आहे.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीपाशी जा. दातवाली गाडी म्हटलं की कुणीही दाखवेल. डॉक्टरांना सांगाच, पण आधी गाडीच्या मागे जाऊन बघा. हाक मारू नका, तिला ऐकू येत नाही. खांद्याला हात लावा.