स्लोली शिकलेला फळा

मित्रांनो, उसाच्या फडांना लागून असलेल्या एका वस्तीशाळेतला मी जुना लाकडी फळा आहे. सुतारानं मला घडवून काळा रंग दिला, तेव्हा लोक म्हणाले, "आरशावानी हाय." पुढे रंग विटला, पाय डुगडुगू लागले, म्हणून मला भिंतीला टेकवून ठेवलं. तोंड मात्र रोज पुसलं जाई.

सत्यशीलाबाईंनी एकदा माझ्यावर 'स्लोली' असं इंग्रजीत लिहिलं आणि अर्थ न सांगता मुलांना चालायला लावलं.

"बाई, म्हशीवानी चालू का?" पवननं विचारलं.

"तुझी म्हैस मधीच बसती. डोक्यावर भरली घागर हाय, असं चाल."

सगळे हसले. मग 'सिट स्लोली', 'कम स्लोली' असं म्हणत बाईंनी त्यांना बसवलं, जवळ बोलावलं. काम कसं करायचं, ते हा शब्द सांगतो, हे मुलांना अंगानंच कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गातली चिमुकली पंचशीला माझ्या पायाशी खडूचे तुकडे वेचत होती. माझ्या पाठीवरून काहीतरी गार सरकलं. मला ओरडता येईना. कडेनं नाग बाहेर आला आणि तिच्या हाताजवळ त्यानं फणा काढला. पोर थिजली. मागची मुलं उठू लागली.

"कुणी पळायचं न्हाई," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पंचशीला, कम स्लोली."

तिनं हात मागे घेतला. फणा डोलला.

"बाई..."

"बोलू नको. स्लोली."

ती बसल्या बसल्या मागे सरकत राहिली. तिच्या ओटीतला एक खडू घरंगळला. नाग तिकडे वळला. ती टप्प्याबाहेर येताच बाईंनी तिला कवेत घेतलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

"आता रड बाळा," बाई म्हणाल्या.

"जोरात रडू का?" पंचशीलानं विचारलं.

सर्पमित्र रामप्रसादनं नाग धरला आणि माझ्यामागे वाकून पाहिलं. "बाई, हितं उंदरांनी घर केलंय. फळा पुसता, पर मागं कोन झाडतंय?"

बाईंनी खराटा घेतला.

मित्रांनो, वर्गात नवा फळा आल्यापासून आता माझ्यावर कुणी लिहीत नाही, त्याचं मला दुःख नाही. पण मला अडगळीत नुसतं टेकवून विसरू नका. माझ्या पाठीमागच्या अंधारात कुणाचं तरी लेकरू हात घालील.