एक नंबरची सीट

माझे वडील वारले तेव्हा त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगी, एक मुलगा आणि एक जर्मन गाडी असा परिवार होता. चार महिन्यांनी पत्नी मुलीकडे नागपूरला गेली, एका महिन्यासाठी. त्याला आता चौदा महिने झाले. मुलगा आणि गाडी लखनौलाच राहिले, विकास नगरच्या घरात. एक आत, एक पोर्चमध्ये. दोघंही फारसे बाहेर पडत नाहीत.

मी घरूनच काम करतो. एका कंपनीच्या वेबसाइटवर निहारिका नावाची यंत्रबाई ग्राहकांशी बोलते. ती अडली की तिच्या नावाने मी बोलतो. दिवसभर लोक विचारतात, ‘क्या आप असली इंसान हैं?’ अशा वेळी विषय बदलायचा, असा कंपनीचा नियम आहे. मला तो हळूहळू पटत चालला आहे.

गाडीचं म्हणाल तर तिचं वय पंचवीस, म्हणजे माझ्याहून एकाने कमी. बाबांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा गल्लीला वाटलं होतं, यांना संशोधनात काहीतरी सापडलं. बाबा झाडांच्या मुळांवर संशोधन करायचे. सापडलेलं काहीच नव्हतं. ऐंशी टक्के पीएफ सापडला होता, तो त्यांनी गाडीत घातला. आत कातडी सीट, लाकडी पट्ट्या आणि ड्रायव्हरच्या दारावर तीन बटणं: एक, दोन, तीन. आपल्याला हवी तशी सीट लावायची आणि एका बटणात साठवायची. मग ते बटण दाबलं की सीट, स्टिअरिंग, आरसे, सगळं घूं घूं करत आपापल्या जागी जातं. दोन आणि तीन रिकामी होती. एक नंबरवर बाबा होते.

म्हणजे माणूस गेला, पण तो कुठे आणि कसा बसायचा, हे एका यंत्राला अजून पाठ होतं. असं दुसरं काही घरात उरलं नव्हतं. चष्मा आईने नेला, स्वेटर दान केले आणि फोटोत बाबा नेहमी दुसऱ्याच कोणाकडे तरी बघत असायचे. तेव्हा रोज सकाळी चहा घेऊन मी पोर्चमध्ये जायचो, दार उघडायचो (दार उघडलं की चढायला सोपं जावं म्हणून सीट आपोआप मागे जाते) आणि बाहेर उभा राहूनच एक नंबर दाबायचो. सीट पुढे सरकायची, थोडी वर व्हायची, थांबायची. मी चहा प्यायचो. दार लावून निहारिका व्हायला आत जायचो. त्या सीटवर मी कधी बसलो नाही. बाबा बसलेले असताना त्यांच्या मांडीवर बसायचं माझं वय राहिलं नव्हतं.

भानगड एकच होती. बॅटरी काढली की ही गाडी सगळं विसरते. आणि बॅटरी म्हातारी झाली होती. म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून तिला चार्जर लावून ठेवला होता. इन्व्हर्टरवर फक्त तोच. वीज गेली की घरातला पंखा बंद पडायचा, फ्रिज बंद पडायचा, मी घामाने निथळत बसायचो; पण बाबांच्या सीटला कशाची झळ लागायची नाही.

दर रविवारी तेलीबागहून दयारामकाका यायचे. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन, मूळचे भंडाऱ्याचे. एकदा रायबरेली रोडवर गाडी बंद पडली आणि बाबा मराठीत पुटपुटले, तेव्हा स्कूटरवरून जाणारे काका थांबले होते, तेव्हापासूनची ओळख. सगळं शहर ओलांडून ते यायचे, इंजिन सुरू करायचे, जागेवरच पंधरा मिनिटं चालू ठेवून बंद करायचे. एक नंबरच्या सीटवर काका झकास बसायचे. ‘साहेबाची सीट मले एकदम फिट आहे,’ ते म्हणायचे. काकांची उंची पाच फूट तीन. बाबांची पाच फूट अकरा. यात काही विचित्र आहे, असं मला दीड वर्षात एकदाही वाटलं नाही. मी आर्ट्सला होतो.

त्या रविवारी काकांनी बॉनेट उघडलं, आत वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

‘काय झालं, काका?’

‘बॅटरी फुगली ना बाप्पा. हात लाव. पुरी असती तर ताटात वाढली असती.’

‘अजून महिनाभर चालेल?’

‘फुटंल. तुले पोर्च पाहिजे का नको?’

मी सांगितलं की पोर्च नसला तरी चालेल, पण एक नंबर पाहिजे. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. शेवटी आपल्या स्कूटरकडे पाहिलं आणि पाना मागितला.

पुढचा तासभर जे झालं त्याला मेकॅनिक काय म्हणतात माहीत नाही. काकांनी आपल्या स्कूटरची बॅटरी काढली. ती डब्याएवढी बॅटरी स्टुलावर ठेवली आणि तिच्यापासून दोन वायरी काढून चिमट्यांनी गाडीच्या वायरींना धरवल्या. जुनी बॅटरी काढून नवी बसेपर्यंत गाडी स्कूटरवर जगणार होती. मी दोन्ही चिमटे दाबून धरले होते. चिमटा सुटला तर बाबा गेले.

‘शिंक आली तर?’ मी विचारलं.

‘देऊ नको.’

‘दिली तर?’

‘तर मंग साहेब दुसऱ्यांदा वारले समज,’ काका म्हणाले आणि पाना फिरवू लागले.

मला शिंक आली. मी ती आतल्या आत दिली. कानातून काहीतरी गेल्यासारखं वाटलं, पण चिमटे हलले नाहीत. शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बाई पापड सोडून बघत होत्या. जुनी बॅटरी निघाली. नवी बसली. काकांनी शेवटचा नट आवळला आणि माझी बोटं एकेक करून चिमट्यांवरून सोडवली.

मी दार उघडलं. एक नंबर दाबला.

घूं. सीट पुढे सरकली, वर झाली, थांबली.

‘बसले साहेब,’ काका म्हणाले.

मला हे कोणाला तरी सांगायचं होतं. फोनमधली नावं चाळून पाहिली. मग आईला व्हिडिओ कॉल केला, रविवार असूनही. आमचा बोलायचा वार बुधवार. आईने घाबरूनच उचलला. तिच्या मांडीवर निवडायची मेथी होती.

‘काय रे, बरं आहे ना?’

‘आई, हे बघ. बाबांची सीट. बॅटरी बदलली तरी वाचली.’ मी फोन सीटसमोर धरला.

आईने फोन जवळ धरला. ‘यांची कुठली? ही तर डॉक्टरांची.’

‘कोणाची?’

‘रस्तोगी डॉक्टर. गाडी त्यांच्याकडून नाही का घेतली? सीट अशीच आली होती.’

‘मग बाबा कुठे बसायचे?’

‘तिथेच. गुडघे पोटाशी घेऊन.’ आईने मेथीची एक काडी मोडली. ‘अकरा वर्षं गुडघ्यांना तेल लावलंय मी त्यांच्या.’

‘अगं पण सीट मागे घ्यायची ना!’

‘तुला माहीत नाहीत का ते? दुसऱ्याने लावलेलं सेटिंग विचारल्याशिवाय हलवायचं नाही.’

मला माहीत होते. प्रयोगशाळेत एका पोराने कोणाच्या तरी यंत्राचा काटा फिरवला आणि तीन वर्षांचं काम गेलं, तेव्हापासून बाबा दिसेल त्या यंत्रावर ‘सेटिंग बदलू नये’ अशी चिठ्ठी चिकटवायचे. आमच्या गीझरवर अजून आहे. फ्रिजच्या आतही आहे. पण त्या चिठ्ठ्या त्यांना स्वतःलाही लागू होत्या, हे मला ठाऊक नव्हतं.

‘मग विचारायचं डॉक्टरांना.’

‘विचारणारच होते. दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडेच तर जायचे. हाडांचे डॉक्टर ना ते. गुडघे दाखवायला.’

‘आणि?’

‘संकोच, दुसरं काय. गोळ्या घेऊन परत यायचे. घरी आले की चप्पल काढताना म्हणायचे, अरे, विचारायचं राहिलं.’

मी काकांकडे वळलो. ते स्कूटरची बॅटरी परत बसवत होते आणि आपण काही ऐकलं नाही, असं त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

‘काका, तुम्हाला कधी वाटलं नाही? इतक्या जवळ बसतात म्हणून?’

‘वाटलं ना. एक-दोनदा विचारणार होतो.’ काकांनी टोपी सारखी केली. ‘मंग म्हटलं, सायंटिस्ट माणूस. असंल काही सायन्स.’

आईने नेहमीप्रमाणे ‘बाकी काय?’ विचारलं. मी नेहमीप्रमाणे ‘काही नाही’ म्हणालो. तिने फोन ठेवला. काकाही निघाले, घरी कांताकाकू जेवायच्या थांबलेल्या असतात. आज इथेच जेवा, असं मी त्यांना दर रविवारी म्हणणार असतो. स्कूटर वळणावर गेली की आठवण होते.

मग मी, दीड वर्षात पहिल्यांदा, त्या सीटवर बसलो.

बसलो म्हणजे कोंबलो. माझी उंचीही पाच फूट अकरा. दार लावलं तसे गुडघे स्टिअरिंगखालच्या काळ्या प्लास्टिकला जाऊन भिडले. वाकून पाहिलं. सगळं प्लास्टिक खरबरीत होतं, फक्त दोन ठिकाणी, जुन्या रुपयाएवढं, घासून घासून गुळगुळीत झालं होतं. माझे दोन्ही गुडघे बरोबर त्या दोन गुळगुळीत जागांवर टेकले होते. दुखत होतं. मी तसाच बसून राहिलो.

समोरच्या कप्प्यात गाडीच्या कागदांबरोबर डॉक्टर रस्तोगींची औषधाची चिठ्ठी होती. वर नंबर छापलेला. मी नंबर फिरवला. आमच्या घरातून हा प्रश्न निघून बारा-तेरा वर्षं झाली होती. कोणीतरी तो पोचवायला हवा होता.

‘जी, फ़रमाइए,’ एक म्हातारा, मऊ आवाज.

मी नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं, गाडी सांगितली. ‘डॉक्टर साहब, एक बात पूछनी थी। आपकी सीट है, ड्राइवर वाली। वो थोड़ी पीछे कर लूँ?’

हाडांच्या डॉक्टरांना आयुष्यात बरेच प्रश्न विचारले गेले असतील, पण त्यांत हा नसावा.

‘मेरी सीट?’ ते म्हणाले. ‘बेटा, मैं तो पीछे बैठता था। गाड़ी तो राजेश चलाता था, हमारा ड्राइवर। छोटे क़द का था। उसी ने कुछ सेट कर रखा होगा।’

‘तो राजेश जी से पूछना पड़ेगा?’

‘वो तो कब का गाँव चला गया। नंबर भी नहीं है।’ ते हसले. ‘कर लीजिए पीछे। उससे क्या पूछना।’

मी आभार मानले. फोन ठेवणार तेवढ्यात ते म्हणाले, ‘और पिताजी के घुटने अब कैसे हैं? बहुत दिन से आए नहीं।’

मी प्लास्टिकवरच्या त्या दोन जागांकडे पाहिलं.

‘अब आराम है,’ मी म्हणालो.

‘चलिए, अच्छा है। तेल लगाते रहिए।’

फोन बंद झाला. म्हणजे गेलं दीड वर्ष मी पंख्याविना बसून, शिंका गिळून, राजेश नावाच्या एका अनोळखी माणसाची बैठक जपत होतो. तो जिवंत होता. त्याला ती नकोही असेल.

मी सीटखालचं बटण दाबून सीट मागे घेतली. घूं. गुडघे सुटले. पाय लांब झाले. पाच फूट अकराच्या माणसाला लागते तेवढी जागा झाली आणि समोर त्या दोन गुळगुळीत जागा कोणाच्याच गुडघ्यांच्या नसल्यासारख्या राहिल्या. ही बैठक मी दोन नंबरवर साठवली. एक नंबर तसाच ठेवला. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, पण राजेशला कोणी विचारलं नव्हतं.

मग मी आईला परत फोन लावला. एका रविवारात दोनदा.

‘आता काय झालं?’

‘काही नाही. एक विचारायचं होतं.’

‘विचार की.’

‘तू कधी येणार?’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. माझ्या बहिणीने, अनघाने, आतून काहीतरी विचारलं. चौदा महिन्यांत हे मी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. बुधवारी आम्ही भाज्यांबद्दल बोलायचो.

‘सिद्धेश,’ ती म्हणाली, ‘तुझी ती गाडी नागपूरपर्यंत येईल का?’

मला माहीत नव्हतं. दीड वर्षात ती पोर्चच्या उंबऱ्याबाहेरही गेली नव्हती.

‘दयारामकाकांना विचारतो,’ मी म्हणालो.