आधी मावशींचा हात

मित्रांनो, जरा मागे सरका, मी सुरू झाले की पीठ उडते! मी एका बेकरीतले पीठ मळणारे जुने यंत्र आहे. कारखान्यात माझे पोलादी भांडे घडले, त्यात वाकडा दांडा बसला आणि वर माणसांच्या हातांना जपणारी जाळी आली.

वर्षानुवर्षे मी मळत राहिले. लोक ब्रेडची वाहवा करत. मला मात्र कुरकुरल्याशिवाय तेलसुद्धा मिळत नसे. माया लावली ती बेकरीत कामाला असलेल्या मावशींनी. भांडे पुसताना त्या माझ्याशी चक्क गप्पा मारत.

एके दिवशी मोठ्या रुग्णालयाची पहिली ऑर्डर आली. संध्याकाळच्या जेवणाला ब्रेड पोचला, तर रोजचे काम मिळणार! सगळ्यांच्या अंगात वारे शिरले. मीही जोरात घुमू लागले. तेवढ्यात कडकन आवाज झाला. जाळीची कडी तुटली आणि मावशींची बाही दांड्यात ओढली गेली! मालकांनी झेप घेऊन बटण बंद केले. बाही फाटली, हात वाचला.

"जाळी काढून चालवू या ना, दाजी," मालकांचे मेहुणे म्हणाले. "एवढ्यानं काय होतंय?"

मालक मावशींना पाणी पाजत होते. "कडी ढिली झालीय, हे मावशींनी मला सांगितलं होतं. मीच आज-उद्या करत राहिलो. मावशी, माफ करा मला." मग ते मेहुण्यांकडे वळले. "ही माणसं देवानं माझ्या हवाली केलीत. प्रभूनं विचारलं, तर त्याला काय ऑर्डर दाखवू?"

त्यांनी रुग्णालयाला फोन करून खरे ते सांगितले. "जेवणाआधी आणा, नाहीतर राहू द्या," असे उत्तर आले.

मालकांनी डोळे मिटून क्षणभर प्रार्थना केली आणि बाह्या सरसावल्या. "मी हातानं मळतोय. ज्याला घरी जायचंय त्यानं खुशाल जावं."

कोणीही हलले नाही! मेहुण्यांनीसुद्धा घड्याळ काढून खिशात टाकले. टेबलावर दणादण पीठ आपटू लागले. मालकांचे मळणे पाहून मावशी स्टुलावरून ओरडल्या, "अहो, पीठ आहे ते, थोपटताय काय?" एकच हशा पिकला. मी गप्प उभे होते, पण काय सांगू, मला उड्या माराव्याशा वाटत होत्या!

गरम ब्रेड घेऊन गाडी सुसाट निघाली. सगळे फोनभोवती जमले. अखेर तो वाजला.

"पोचला!" मालक ओरडले. "उद्याही मागितलाय!"

पिठाने पांढरी झालेली माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. मालकांनी दुसऱ्या दिवशी आधी मला दुरुस्त केले, मगच कामाला लावले.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेल द्या. आणि तुमच्या हाताखाली कधी माणसे आली, तर त्यांचे म्हणणे पहिल्याच वेळी ऐका. माझी कडी बाजारात मिळाली. मावशींचा हात कुठून आणला असता?