शनिवारचं बटण

नांदेडच्या बाजारचौकात सरकारी भोंगा लागला, तेव्हा त्यातून बाईमाणसाचा आवाज येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो आवाज सिपोराबाई झिराडकरांचा. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरातली ही मुलगी मुंबईत नर्सिंग शिकली, तिथल्या रेडिओवर बाळंतपणावर दोनदा बोलली, आणि नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी निजामाच्या मुलखात येऊन पडली. नवरा तापानं गेला, तरी ती इथून हलली नाही. राहत्या घराच्या दोन खोल्या तिनं गावातल्या बायांच्या बाळंतपणाला फुकट उघडल्या. दर गुरुवारी संध्याकाळी भोंग्यावरून पाव तास बोलायची. पहिल्या महिन्यात पुरुषांनी नाकं मुरडली. दुसऱ्या महिन्यात तेच पुरुष, लेकराच्या जुलाबावर बाई काय सांगते ते ऐकायला खांबाखाली उभे राहू लागले.

त्या साली उन्हाळ्यात गावात हैजा, म्हणजे पटकीची साथ शिरली. बुधवारी सिपोराबाईच्या खोलीत धुरपता गेली, आठ दिवसांची बाळंतीण. घरच्यांनी मायेनं तिला बाजारातल्या बारवेचं गार पाणी आणून पाजलं होतं. त्याच बारवेचं पाणी पिऊन आणखी चौघं गेली होती. सिपोराबाईनं गुरुवारच्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं, बारवेचं पाणी पिऊ नका.

भोंग्याच्या खोलीचे साहेब बापूसाहेब यांनी त्या ओळीवर लाल शाई फिरवली.

"शनिवारी सुभेदारसाहेबांची स्वारी येतेय," ते म्हणाले. "बाजार भरलेला दिसला पाहिजे. हैजा हा शब्द भोंग्यातून गेला तर कोण फिरकेल? मग माझी आणि तुमची, दोघांचीही खैर नाही. तुमच्या त्या खोल्यांचा परवानासुद्धा सरकारचाच आहे, बाईसाहेब."

"लोक मरतायत."

"रविवारी स्वारी गेली की हवं ते बोला. दोन दिवसांचा तर सवाल आहे. उद्या तुमची शनिवारची तयारी, परवा खुद्द शनिवार. त्या दिवशी तर तुम्ही काडीसुद्धा ओढत नाही."

बापूसाहेब वाईट नव्हते. भित्रे होते, आणि भित्र्या माणसाच्या हातात लाल शाई असली की वाईट माणसाची गरज उरत नाही. ते भोंगा बंद करायच्या तयारीनं बटणावर बोट ठेवून शेजारी बसले आणि सिपोराबाई मुगाच्या खिचडीवर बोलली. घरी जाताना तिला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी दिवे लागेपर्यंत ती दारोदार फिरली. पण शनिवारच्या बाजाराला कंधारहून, हदगावहून गाड्या भरून माणसं येणार, आणि उन्हाची सगळी त्या बारवेवर जाणार. तिथं एकट्या बाईचे पाय किती पुरणार?

शनिवारी सकाळी ती सासूसमोर बसली. शनिवार म्हणजे शब्बाथ, कामाला हात न लावायचा दिवस; रहमाआईंनी साठ वर्षांत त्या दिवशी चूल पेटवली नव्हती. शुक्रवारी रांधलेलं निखाऱ्याच्या राखेत ठेवायचं आणि तेच दुसऱ्या दिवशी खायचं.

"आई, भोंग्यावरचा माणिकप्पा भला माणूस आहे. त्याच्याकडून बटण दाबून घेते. म्हणजे आपला शब्बाथ मोडायचा नाही."

"नको," रहमाआई म्हणाल्या. "जीव जायची वेळ असली की शब्बाथ बाजूला ठेवायचा, हे माझ्या बापानं मला शिकवलंय. पण ते दुसऱ्याच्या हातानं करायचं नसतं. जाणत्या माणसानं चार लोकांदेखत, आपल्या हातानं करायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, यात पाप नाही. जा आता, उशीर करू नको."

बापूसाहेब स्वारीला आणायला स्टेशनवर गेले होते. खोलीत एकटा माणिकप्पा. तिला बघून तो उठलाच.

"बाई, आज? तुमचा तर सनवार हाय ना?"

"दार उघडंच राहू दे. सगळ्यांना दिसू दे."

"साहेब माझी नोकरी घालवतेन की." तो घुटमळला, मग हळूच म्हणाला, "बरं, तुमी हात नका लावू. बटण मी दाबतो. लई झालं तर गावाकडं जाऊन शेती करीन."

"नाही माणिकप्पा. तू बाजूला हो, आणि कुणी विचारलं तर खरं तेच सांग."

तिनं स्वतः बटण दाबलं. भोंगा खरखरला. बाजार वर बघू लागला.

"मी सिपोराबाई बोलतेय. गावात हैजा आहे. बारवेचं पाणी पिऊ नका, लेकरांना पाजू नका. पाणी उकळूनच प्या. माझ्या खोलीत धुरपता याच पाण्यानं गेली. माझं ऐका, बायांनो."

हेच ती तीनदा म्हणाली. खिडकीतून बारव दिसत होती. एका बाईनं भरलेली घागर पायरीवरच पालथी केली, मग दुसरीनं, मग बायांनी पुरुषांच्या हातातले तांबे हिसकावले.

बापूसाहेब धापा टाकत आले तेव्हा बारवेवर चिटपाखरू नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एक कागद भरभर खरडून तिच्यापुढे सरकवला.

"सही करा. तुम्ही सहज आला होतात, बटण माणिकप्पानं दाबलं, त्यानंच तुम्हाला बोलायला लावलं. तुमच्यात शनिवारी हात लावत नाहीत, हे सुभेदारसाहेबही जाणतात. लगेच पटेल त्यांना. तुम्ही सुटाल, तुमच्या खोल्या वाचतील."

माणिकप्पा भिंतीला टेकून खाली बघत होता.

"बटण मी दाबलं," सिपोराबाई म्हणाली. "दार उघडं ठेवून दाबलं. तसं लिहा, सही करते. पण आज नाही."

"आज का नाही?"

"आज शनिवार आहे. आज आम्ही लेखणीला हात लावत नाही."

"आणि बटणाला लावलात तो?"

"त्यानं माणसं वाचत होती, बापूसाहेब. तुमच्या कागदानं कोण वाचणार आहे?"

ती घरी गेली आणि रहमाआईंच्या शेजारी बसून राखेतलं कोमट जेवण जेवली. रविवारी सकाळी बोलावणं यायच्या आधीच ती कचेरीत हजर झाली. नवा कागद मागून घेतला, घडलं ते सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.