गाडीखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. चुलीतला निखारा उचलतो तो माझा थोरला भाऊबंद. मी त्याच्या करंगळीएवढा. भोरच्या बाजारात सावळाराम सोनारांच्या हातात मी तीस वर्षं नथीचे मोती उचलले. दुकान बंद करताना त्यांनी मला विंझर गावच्या सोमनाथच्या हवाली केलं. वाटलं, आता विसावा. कसला विसावा!

सोमनाथ पूर्वी कारखान्यात फिटर होता. आता घरी बसून रेसच्या गाड्या बांधतो. खऱ्या नव्हेत, खरीच्या चोविसाव्या हिश्शाच्या. अंग रेझिन नावाच्या प्लास्टिकचं, इंजिन धातूचं, आणि काही तुकडे असे की शिंक आली तर गाडीचा आरसा गेलाच म्हणून समजा. एसटीच्या थांब्यावरची मंडळी विचारायची, "सोमा, मोटार घेतलीस म्हनं! शिटं किती बसत्यात?"

दिवसभर माझं तोंड गोंदात, संध्याकाळी थिनरनं आंघोळ. त्यात सोमनाथची आई अक्काबाई पायातला बाभळीचा काटा काढायला मलाच उचलायची. एकदा काटा निघाला, पण माझं टोक वाकलं. "येवढुसा चिमटा, त्याचं लाड केवढं!" ही वर बोलणीही मलाच.

खरी मेख मात्र वेगळीच. तीन वर्षांपूर्वी सोमनाथला बारीक दिसेनासं झालं. चष्मा बदलला, दिवा बदलला, फरक पडला नाही. घासणं, रंग देणं अजून त्याचंच. पण सीटचे पट्टे, ज्वारीच्या दाण्याहून लहान बक्कलं, आरसे, हे सारं त्याची बायको नूतन लावू लागली. ती ब्लाउज शिवते; हुकं लावून लावून हात बसलेला. बाहेरचं कोणी आलं, की ती चहा ठेवायला उठायची आणि मी मुकाट सोमनाथच्या बोटांत जायचो. कौतुक त्याच्या वाट्याला, कपबश्या तिच्या. मी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. सोमनाथ वाईट नाही, भित्रा आहे. डोळ्यांचं कळलं तर काम जाईल, ही त्याची धास्ती.

गेल्या महिन्यात पुण्याहून शेफालीबाई आल्या. अशा गाड्या जमवायचा त्यांना नाद, आणि तेव्हा बांधत होतो ती गाडी त्यांच्याच ऑर्डरची. गाडी प्रदर्शनात ठेवायची होती. तिथला नियम असा, की तळाच्या पत्र्यावर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं हवं. बाईंनी भिंगातून बक्कलं पाहिली आणि म्हणाल्या, "सोमनाथजी, हा शेवटचा आरसा माझ्यासमोर लावा ना. मला तुमचा हात बघायचाय."

सोमनाथनं मला धरलं. त्याच्या बोटांचा घाम मला लागला. आरसा उचलला खरा, पण त्याची जागा दिसेना. तो चाचपडला, दाब वाढला आणि आरसा टुणकन उडाला! मग काय, पुण्याच्या बाई, अक्काबाई, सोमनाथ, सगळेच फरशीवर रांगताहेत. शेवटी तो अक्काबाईच्या पदराला चिकटलेला सापडला. ती म्हणाली, "ह्यो बगा तुमचा आरसा. ह्यात तोंड कोन बगनार, मुंगी?"

कोणी हसलं नाही. सोमनाथ पुन्हा हात पुढं करेना. नूतन चहा घेऊन दारात थबकली होती.

"नूतन, तूच लाव," तो दमल्या आवाजात म्हणाला. "बाई, मला आता बारीक दिसत न्हाई. भिंगातनं बघितलं ते समदं हिचं काम हाय."

नूतननं ट्रे खाली ठेवला, मला उचललं, श्वास रोखला. माझं वाकडं टोक ती ओळखून होती. आरसा जागेवर बसला.

बाईंनी ऑर्डर मोडली नाही. एवढंच विचारलं, "मग तळाला नाव कोणाचं?"

सोमनाथनं बायकोकडं पाहिलं. "काय लिवू गं?"

"अवो, लग्नात समद्यांम्होरं तुमचं नाव म्या घेतलं," नूतन म्हणाली. "आता बाईंम्होरं माझं तुमी घ्या की."

मी पत्रा धरला आणि सोमनाथनं अंदाजानं कोरलं. आधी नूतन, मग सोमनाथ. अक्षरं वाकडी आली, पण खरी आली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. एखादी देखणी वस्तू दिसली, तर ती हळूच उलटी करून बघा. राबलेल्या हाताचं नाव तिथं नसेल, तर विचारा. चिमट्याचं नाव कोणी कोरत नाही, आणि माझी तक्रारही नाही. काटा काढायला मात्र सुई घेत जा.